बुरशीबाईंचा पेपर

बुरशीबाई हे नाव त्यांना कोणी ठेवलं, यावर प्रयोगशाळेत अजून एकमत नाही. बाईंचा संशय साहेबांवर, साहेबांचा शिपायावर, आणि शिपाई म्हणतो की बाई स्वतःच एकदा फोनवर "मी बुरशीवाली बोलतेय" असं म्हणाल्या होत्या. ते काही असो, नाव चिकटलं ते चिकटलंच. साठवलेल्या धान्याला लागणारी बुरशी हा बाईंचा विषय. सरकारी गोदामात पोत्यांच्या थप्प्या लागतात, त्यातली काही पोती आतून कुजतात आणि बाहेरून अगदी शहाण्यासारखी दिसतात. कुठली कुजणार, कधी कुजणार आणि का, हे शोधण्यात बाईंची उमेदीची वर्षं गेली. पोत्यात खुपसायची पोकळ सळई घेऊन त्या थप्पीवर चढत, दाणे काढत, ते काचेच्या चपट्या बशांमध्ये मांडत आणि त्यावर काय उगवतं ते बघत बसत. घरी पावाला बुरशी आली तर फेकण्याआधी तो उजेडात धरून बघत. मग नवरा विचारी, "काय, ओळखीची निघाली का?"

नवऱ्याचं पंपाच्या मोटारी दुरुस्त करायचं दुकान होतं. जळालेली मोटार उघडली की ही जगणार का मरणार हे तो तिथल्या तिथे सांगे. बाईंच्या कामात असं तडकाफडकी काही सांगता येत नसे, आणि बाईंच्या नोकरीचं तर मुळीच सांगता येत नसे.

कारण बाई हंगामी होत्या. हंगाम मात्र संपता संपत नव्हता. सरकार एखादा प्रकल्प मंजूर करी, त्याचे पैसे येत, त्यातून बाईंचा पगार निघे. प्रकल्प संपला की बाईही संपत, आणि पुढचा मंजूर झाला की पुन्हा जिवंत होत. असे किती जन्म झाले ते त्याच जाणोत. त्यांच्याकडून बशी कशी धरायची हे शिकलेली पोरं कायम झाली, घरं बांधून बसली, आणि भेटली की "कशा आहात बाई?" असं जरा जास्तच मायेने विचारू लागली. ती माया बाईंना झोंबायची.

साहेब, म्हणजे विभागाचे प्रमुख, तसे वाईट नव्हते. वाईट माणसाशी निदान कडाकडा भांडता येतं. साहेब दर वेळी "यंदा तुमचं नक्की" म्हणत, आणि म्हणताना त्यांना ते खरंच वाटत असे. संशोधनाचा पेपर छापून आला की पहिलं नाव साहेबांचं, शेवटचं कुणा बड्या असामीचं, आणि मध्ये कुठेतरी बाई, लग्नाच्या फोटोत मागच्या रांगेत मान वर करून उभ्या राहिलेल्या मावशीसारख्या. थप्पीवर चढलं कोण, हे फोटोत दिसत नाही.

मग एकदाची जागा निघाली. कायमची, पगारी रजेची, निवृत्तिवेतनाची. अटी दोन. उमेदवाराचं पहिलं नाव असलेला एक तरी पेपर हवा. आणि काम सरकारी पैशावर झालेलं असेल तर तो पेपर कोणालाही, कुठूनही, फुकट वाचता यायला हवा. वयाची मर्यादाही होती, आणि बाई तिच्या अगदी काठावर उभ्या होत्या. यंदा नाही तर कधीच नाही, हे सांगायला ज्योतिषी नको होता. साहेब म्हणाले, गोदामांच्या कामाचा पेपर तुमच्या नावाने जाऊ दे. साहेबांनी हे आपणहून म्हटलं, ते खोटं कशाला बोला.

आता, फुकट वाचता यायला हवा हा नियम काही वाईट नव्हता बरं का. लाख मोलाचा होता. लोकांच्या करातून संशोधन होतं, मग ते छापून आल्यावर लोकांनीच पुन्हा पैसे मोजून का वाचावं? गोदामाच्या रखवालदाराला, धान्याच्या व्यापाऱ्याला, कॉलेजातल्या पोरीला ते बघता आलंच पाहिजे. पण नावाजलेली जर्नलं म्हणत, ठीक आहे, वाचणाऱ्याकडून घेत नाही, मग लिहिणाऱ्याने द्या. आणि लिहिणाऱ्याने द्यायची रक्कम ऐकली की बाई पेपर परत खणात ठेवत. प्रकल्पात छपाईसाठी पैसे धरलेले होते, नाही असं नाही. पण उन्हाळ्यात प्रयोगशाळेचं थंड कपाट बंद पडलं, आत जपून ठेवलेल्या बुरशा मरायला लागल्या, आणि साहेबांनी छपाईचे पैसे कपाटाकडे वळवले. बाईंनीच रडकुंडीला येऊन ते करायला लावलं होतं. त्यामुळे आता बोंब मारायलाही तोंड नव्हतं. प्रकल्प संपत आला होता, अर्जाची मुदत डोक्यावर होती आणि पेपर लिहून तयार होता.

अशा वेळी ती मेल आली.

घरी 'अगं', प्रयोगशाळेत 'अहो बाई' आणि गोदामात 'ओ सळईवाली' एवढंच ऐकणाऱ्या बाईंना त्या मेलने 'परमआदरणीय विदुषी' म्हटलं होतं. आपल्या तेजस्वी कार्याने आम्ही दिपून गेलो आहोत, आपला पुढचा पेपर आमच्या जर्नलला देऊन उपकृत करावं, तो साऱ्या जगाला फुकट वाचायला खुला राहील, आणि लिहिणाऱ्याने द्यायची रक्कम अगदी किरकोळ. असल्या मेल प्रयोगशाळेत सगळ्यांनाच येत आणि सगळेच त्या न वाचता पुसून टाकत. बाईही पुसणारच होत्या. जाता जाता सहज त्यांनी जर्नलचं संपादक मंडळ उघडून बघितलं, आणि फोटोंच्या रांगेत त्यांना सर दिसले.

सर म्हणजे बाईंचे गुरू. बुरशीकडे किळस न करता बघायला त्यांनी शिकवलं. कौतुक हा शब्द मात्र सरांच्या कोशात नव्हता. विद्यार्थ्याने जीव ओतून लिहिलेलं प्रकरण परत देत तेव्हा पहिल्या पानाच्या कोपऱ्यात एकच शब्द असे, 'पुन्हा'. बाईंचा प्रबंध असा इतक्यांदा परत आला की घरचे विचारायचे बंद झाले. शेवटी एकदा कोपरा कोरा आला, तेव्हा बाई जिन्यात बसून ढसाढसा रडल्या. पण कोरा कोपरा म्हणजे कौतुक नव्हे. सरांनी एकदा 'चांगलं आहे' म्हणावं, एवढी एकच हाव बाईंनी जन्मभर धरली आणि ती काही फिटली नाही. निवृत्त झाल्यावर सर गावाच्या पार दुसऱ्या टोकाला राहायला गेले, बाई संसारात आणि गोदामांत अडकल्या. जाऊ जाऊ म्हणता जाणं राहूनच गेलं.

जिथे सर आहेत तिथे खोटं काही असणार नाही, असं बाईंनी स्वतःला सांगितलं. किरकोळ रक्कम नवऱ्याच्या गल्ल्यातून गेली. पेपर गेला. आणि छापण्याआधी जाणकार पेपर तपासून देतो ते परीक्षण आठवडा उलटायच्या आत आलं, खाली सरांचं नाव. 'हा पेपर म्हणजे या विषयातला मैलाचा दगड आहे. एकही शब्द बदलू नये.'

ज्या माणसाने हयातीत कोणाचा एक स्वल्पविराम जागेवर राहू दिला नाही, तो 'एकही शब्द बदलू नये' म्हणेल का? बाईंना हे कळायला हवं होतं. आत कुठेतरी कळलंही असेल. पण तहानलेल्या माणसाला पाणी मिळालं की विहीर कोणाची हे तो विचारत नाही. बाईंनी ते परीक्षण छापून अर्जाला जोडलं आणि एक प्रत घडी करून पर्समध्ये ठेवली. पेपर जगाला खुला झाला. साहेबांनी सगळ्यांसमोर अभिनंदन केलं, आणि नवऱ्याने येईल त्या गिऱ्हाइकाला सांगितलं की आमच्या हिची बुरशी आता जगभर पसरली.

रविवारी बाई फळं आणि पेपरची एक प्रत घेऊन सरांचे आभार मानायला गेल्या.

सरांच्या दोन खोल्या तळमजल्यावर, अरुंद बोळाच्या शेवटाला होत्या. दार काकूंनी, म्हणजे सरांच्या पत्नींनी उघडलं. सर खिडकीपाशी बसले होते, समोर टेबलाला चिमट्याने बसवलेलं मोठं भिंग, कानात यंत्र. ओळख पटायला थोडा वेळ लागला, पण पटली तेव्हा त्यांनी आधी बुरशीची चौकशी केली, मग बाईंची. बाईंनी जर्नलचं नाव घेतलं, पर्समधली घडी उलगडून परीक्षण वाचून दाखवलं. सरांनी काकूंना विचारलं की मी असं काही लिहून विसरलो आहे का? काकू म्हणाल्या, आपल्या घरात कॉम्प्युटर नाही, आणि असता तरी यांना तो चालू कोणी करून दिला असता?

बाईंनी फोनवर संपादक मंडळ उघडून भिंगाखाली धरलं. कुठल्या तरी जुन्या परिषदेतला सरांचा फोटो होता, वाकडा टाय लावलेला. सरांनी स्वतःकडे बराच वेळ निरखून बघितलं आणि टाय माझाच आहे एवढं कबूल केलं. बाकी सगळं, म्हणजे नाव, पद, सही, मत, कोणीतरी कुठून तरी उचललेलं होतं. बाई पर्स उचलून उठायला लागल्या, तर सरांनी हात पुढे केला. पेपर मागत होते.

दुपारभर सर भिंगाखाली एकेक ओळ सरकवत वाचत राहिले. बाई काकूंबरोबर मटार सोलायला बसल्या आणि दाणे सालांत, सालं दाण्यांत टाकत राहिल्या. काकूंनी दोन्ही वेगळं केलं. बाईंना पुन्हा विद्यार्थिनी झाल्यासारखं वाटत होतं, आणि ते सुखाचं नव्हतं.

शेवटी सरांनी मान वर केली.

"चांगलं आहे," ते म्हणाले. "हे कोणीही घेतलं असतं. तू तिकडे का दिलंस?"

जन्मभराची हाव फिटली, ती अशी. बाई काय सांगणार, की मला विदुषी म्हणाले म्हणून? सरांनी उत्तराची वाट बघितली नाही. ओरडले नाहीत, रागावलेही नाहीत. ते म्हणाले, "काढून घे तिथून. मग आपण नीट पाठवू." त्यातल्या त्या 'आपण'ने बाईंचं जे पाणी पाणी झालं, ते चोरलेल्या टायनेही झालं नव्हतं. पेपर सरांच्या टेबलावर ठेवून त्या निघाल्या, आणि बोळातून बाहेर येईपर्यंत त्यांनी कसाबसा दम धरला.

दुसऱ्या दिवशी त्यांनी ग्रंथपालाला गाठलं. हा संस्थेतला सर्वांत उदास माणूस. कोणी काही विचारायला येत नाही म्हणून उदास, आणि आलं की फार उशिरा आलं म्हणून आणखी उदास. त्याने जर्नलचं नाव ऐकूनच डोळे मिटून घेतले. हे जर्नल म्हणजे नुसती पाटी आहे, तो म्हणाला, मागे दुकानही नाही. पैसे घेतात आणि काहीही छापतात. मग त्याने जे सांगितलं ते ऐकून बाईंना भिंतीवर डोकं आपटावंसं वाटलं. चांगल्या जर्नलला पैसे द्यायची गरजच नव्हती. पुष्कळ चांगली जर्नलं अशी आहेत की तिथे पेपर बिनपैशाचा पाठवायचा, त्यांनी स्वीकारला की ती शेवटची टाइप केलेली प्रत आपल्या संस्थेच्या संग्रहात ठेवायची आणि तिथून ती जगाला खुली करायची. सरकारच्या नियमाला तेवढं पुरतं. तसं परिपत्रक त्याने स्वतः पाण्याच्या कूलरच्या वर लावलं होतं. बाई त्या कूलरचं पाणी वर्षानुवर्षं प्यायल्या होत्या, आणि दर वेळी ग्लास भरताना त्या शिपायाशी गप्पा मारत असत.

आता काढून घेता येईल का, असं बाईंनी विचारलं. ग्रंथपाल म्हणाला, विचारून बघा. बाईंनी विचारलं. उत्तर त्याच दिवशी आलं, पुन्हा परमआदरणीय विदुषी, पुन्हा तेजस्वी कार्य, आणि पेपर मागे घ्यायचा असेल तर भरायची रक्कम. ही रक्कम किरकोळ नव्हती. बाईंचे काही महिन्यांचे पगार गेले असते. ग्रंथपाल म्हणाला, भरलेत तरी काढतील याची खात्री नाही, उलट पुढच्या वेळी आणखी मागतील, आणि जोवर तो तिथे आहे तोवर दुसरीकडे देता येणार नाही. एकदा छापलेलं नवं म्हणून पुन्हा छापायला देणं म्हणजे गुन्हा. आपलंच लिहिलेलं आपण चोरलं असं धरतात.

राहता राहिले साहेब. बाईंनी त्यांच्यासमोर सगळं ओकून टाकलं, टायसकट. साहेबांनी उठून दार लावलं.

"बाई, नियमात काय आहे? पेपर छापलेला हवा, आणि खुला हवा. छापला आहे. खुला आहे. तुम्ही तोंड उघडलंत तर पेपर धरला जाणार नाही आणि प्रकल्प अपुरा ठरेल. शेवटचा हप्ता अडकेल, पुढचा प्रकल्प मिळणार नाही, आणि त्या पगारावर बसलेली सगळी माणसं घरी जातील. त्यात पहिल्या तुम्ही."

धमकी असती तर बाई भडकल्या असत्या. पण साहेबांचा चेहरा घाबरलेला होता. ते स्वतः निवृत्तीला टेकले होते आणि सरकारला पाठवायच्या अहवालात हा पेपर त्यांनी केव्हाच लिहून टाकला होता. बाई बाहेर आल्या तर टेबलापाशी ती सगळी माणसं बसलेली, कोणी बशा धुतंय, कोणी वजन करतंय, आणि एक जण बाईंसाठी चहा झाकून ठेवून उभा. इकडे आड तिकडे विहीर म्हणतात ते हेच.

घरी नवऱ्याने सगळं ऐकून घेतलं. मोटारीच्या तारेचं टोक दातात धरून तो म्हणाला, आधी जागा पदरात पाडून घे, मन नंतर सावकाश धू. बाईंनी त्याच्याशी अबोला धरला. राग त्याचा नव्हता खरं तर. तेच वाक्य बाईंच्या मनात सकाळपासून घोळत होतं, आणि त्याने ते मोठ्याने म्हणून टाकलं, एवढाच त्याचा अपराध.

मुलाखतीला बाई ठरवून गेल्या होत्या की विचारलं तर खरं सांगायचं. न विचारता सांगायचं का, हे त्यांनी ठरवलं नव्हतं. समितीत चौकोनी चष्म्याचे एक वयस्कर गृहस्थ होते. त्यांनी फाइल चाळता चाळता ते परीक्षण बाहेर काढलं, खालचं नाव वाचलं आणि एकदम सरसावून बसले. सर अजून काम करतात? त्यांनी स्वतः तुमचा पेपर वाचला?

"हो," बाई म्हणाल्या. "पूर्ण वाचला. चांगलं आहे म्हणाले."

एक अक्षर खोटं नव्हतं. म्हणून तर ते इतकं सहज तोंडातून गेलं. गृहस्थ इतरांकडे वळून म्हणाले की त्या माणसाने चांगलं म्हटलं म्हणजे आपण काय बोलणार, मला तर त्यांनी जन्मात कधी चांगलं म्हटलं नाही. सगळे हसले. बाईही हसल्या. निघताना ते गृहस्थ म्हणाले, सरांना माझा नमस्कार सांगा.

बाई कायम झाल्या. खोली मिळाली, दारावर पाटी आली, सळई धरायला हाताखाली माणूस आला. प्रकल्पाचा शेवटचा हप्ता सुटला, पुढचा प्रकल्प मंजूर झाला आणि टेबलावरची सगळी माणसं जागच्या जागी राहिली. नवऱ्याने दुकान एक दिवस बंद ठेवलं. सगळ्यांचं भलं झालं, तर मग बाईंना जेवण का जात नव्हतं? माणूस उंबऱ्याबाहेर थंडीत कुडकुडत असला तर आत यायची आशा तरी असते. बाई आत आल्या होत्या, आणि दार बाहेरून लागलं होतं. आता पेपर खोटा म्हणायचं म्हणजे जागा खोटी, पाटी खोटी आणि त्या पाटीखाली पगार घेणाऱ्या आपणही खोट्या.

नमस्कार पोचवायला म्हणून त्यांनी सरांना फोन केला. त्याच फोनवर सगळं सांगून मोकळं व्हायचं, असं मनाशी पक्कं केलं होतं. काकूंनी फोन सरांच्या कानातल्या यंत्राशी धरला. नमस्काराने सर खूश झाले. तो मुलगा हुशार होता पण आळशी, म्हणाले. मग त्यांनी विचारलं, काढलास का तिथून?

"हो सर," बाई म्हणाल्या.

मुलाखतीत त्या खरं बोलल्या होत्या, इथे खोटं. आणि हे खोटं त्या खऱ्यापेक्षाही सोपं गेलं. सर म्हणाले, झकास, मग कागद घे आणि लिही. दुसऱ्या भागात तू भिंतीलगतची पोती आणि दाराजवळची पोती एकत्र धरली आहेस, ती वेगळी कर. बाईंनी कागद घेतला.

तेव्हापासून दर रविवारी फोन. सरांनी आठवडाभर भिंगाखाली पेपर वाचून खुणा करून ठेवलेल्या असत आणि त्या ते एकेक करून सांगत. हा शब्द काढ, ही आकृती उलटी कर, इथे तू घाई केली आहेस. बाई निमूटपणे लिहून घेत, सोमवारी प्रयोगशाळेत ते करून बघत, पुढच्या रविवारी उत्तर देत. पोती वेगळी केली तेव्हा बाईंना दिसलं की इतकी वर्षं आपण जी गोष्ट भिंतीच्या ओलीमुळे होते म्हणत होतो, ती खरं म्हणजे दार उघडल्यावर येणाऱ्या गरम हवेमुळे होते. सरांना हे सांगितलं तेव्हा ते पोरासारखे हसले. बाईंच्या आयुष्यातले सर्वांत सुंदर रविवार होते ते. फोन ठेवला की मात्र त्या ते कागद पर्सच्या तळाशी सारत. पेपर आता खरोखर मैलाचा दगड झाला होता आणि तो रोवायला पृथ्वीच्या पाठीवर जागा नव्हती. काकू एकदा हळूच म्हणाल्या, हल्ली हे औषध विसरतात, पण रविवार विसरत नाहीत.

इकडे तो जुना, चुकलेला पेपर जगाला खुला होताच. खाली किती जणांनी उघडला त्याचा आकडा दिसे. आपलं लिहिलेलं कोणीतरी वाचावं म्हणून बाईंनी जन्म घालवला, आणि आता तो आकडा एकाने जरी वाढला तरी त्या घाईघाईने पान बंद करत. न जाणो, कोणी जाणकाराने उघडला असेल. एके दिवशी कुठल्या तरी लांबच्या गावच्या गोदामाच्या रखवालदाराची मेल आली. तुमचा पेपर फुकट मिळाला म्हणून वाचता आला, त्यात लिहिल्याप्रमाणे थप्प्या भिंतीपासून सुट्या केल्या, यंदा नासाडी निम्म्याने कमी आहे, आभार. मोडक्यातोडक्या भाषेत, पण मनापासून. बाईंनी ती मेल पुन्हा पुन्हा वाचली. मग त्यांनी त्याला कळवलं की दाराकडेही लक्ष द्या, दार सकाळच्या गारव्यात उघडा. निदान एका माणसाला तरी त्यांनी बरोबर काय ते सांगितलं. ही मेल वाचून दाखवावी असं माणूस एकच होतं, सर, आणि सरांचा समज असा होता की तो पेपर आता कुठेही नाही.

शेवटी एका रविवारी सरांच्या खुणा संपल्या. बाईंनी नव्याने लिहून पोचवलेला सगळा पेपर त्यांनी पहिल्यापासून पुन्हा वाचला होता, त्याला फार दिवस लागले होते. आवाज बारीक झाला होता. ते म्हणाले, आता यात मला काही दिसत नाही, धाड. कुठे धाडायचा त्या जर्नलचं नावही त्यांनीच सांगितलं, जुनं, नावाजलेलं, कडक. बाई म्हणाल्या, धाडते. पुढच्या रविवारी म्हणाल्या, धाडला सर. नवीन खोलीतल्या नवीन कपाटात सुधारलेल्या पेपरची प्रत तशीच पडून होती.

ऋतू पालटला. साहेब निवृत्त झाले, त्यांच्या निरोपाच्या भाषणात त्यांनी बाईंच्या पेपरचा अभिमानाने उल्लेख केला. रविवारचे फोन चालूच राहिले, पण आता बोलायला काम नव्हतं, त्यामुळे ते लवकर संपत. एकदा फोन काकूंनी उचलला आणि म्हणाल्या की अंथरुणातच आहेत, पण तुझ्याशी बोलायचं म्हणतात. मग त्यांनी फोन सरांच्या कानाशी धरला.

"आला का काही निरोप?" सरांनी विचारलं.

"नाही सर. वाचतायत अजून."

"वाचू दे. तू घाई करू नकोस. चांगल्या ठिकाणी वेळ लागतोच. मी थांबतो."